बुटक्या नाकाच्या गाडीचा पुढचा बंपर आणि पार्किंग सेन्सर

अजिंक्यपायथा (सातारा)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा पुढचा बंपर उखडला. गाडी पुढे नेताना तो शाबूत होता, मागे घेताना उखडला. हा प्रकार नेमका कसा घडतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते, आणि येथील अनेकांनाही नसावे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स कार आहे. जुनीच घेतली, पण त्यासाठी आठ वर्षे पैसे बाजूला टाकले होते. बंपरच्या तळाशी पुढे आलेली जी पातळ कड असते, जिला सगळे ‘लिप’ म्हणतात, ती जमिनीपासून जेमतेम ११ सेंमी उंच आहे, आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून तिचे टोक ९० सेंमी पुढे आहे. हे दोन आकडे मी आता झोपेतही सांगू शकतो.

एका लग्नासाठी साताऱ्याबाहेरच्या मंगल कार्यालयात गेलो होतो. तेथे पेव्हर ब्लॉक घातलेल्या जागेत, भिंतीच्या अलीकडे दोन फुटांवर, चाके अडावीत म्हणून सिमेंटचा सलग कठडा टाकलेला आहे. नंतर टेप लावून मोजला, तो १२ सेंमी भरला. मी भिंतीकडे पाहत गाडी पुढे घेतली. खालून ‘खर्र’ असा हलका आवाज आला, वाळलेले गवत घासले असेल असे समजून मी इंजिन बंद केले. प्रत्यक्षात लवचीक प्लॅस्टिकची ती कड कठड्यावर चढून मागच्या बाजूला दुमडली गेली होती आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ झाली होती. जेवण आटोपून गाडी रिव्हर्समध्ये घेतली तेव्हा तीच कड कठड्याच्या मागे आकड्यासारखी अडकली. एकामागून एक क्लिपा सुटल्याचे चार आवाज स्पष्ट ऐकू आले. काळजात धस्स झाले, मी ब्रेक दाबला, पण तोपर्यंत डावा कोपरा मडगार्डापासून सुटून लोंबकळत होता.

गाडीला मागे सेन्सर आहेत, पुढे नाहीत. आता पुढे चार सेन्सरचा संच बसवावा असा विचार आहे. मात्र बंपरला भोके पाडण्यापूर्वी मला जाणून घ्यायचे आहे की १२ सेंमी उंचीचा कठडा या सेन्सरना खरोखर समजतो का, आणि समजत असेल तर ते बंपरवर किती उंचीवर बसवावेत. भोके न पाडता आतून चिकटवायची पट्टीही मिळते असे ऐकले आहे, तिचा कोणाला अनुभव असल्यास अवश्य लिहावा. सातारा डोंगराच्या पायथ्याशी वसलेले गाव असल्यामुळे येथे सपाट जागा कमी आणि चढ-उतार, गटारांवरच्या फरश्या आणि काळ्या दगडाचे उंबरे जास्त आहेत, हे लक्षात घेऊन सल्ला द्यावा ही विनंती.

---

नादलहर (सांगली)

आपला अनुभव वाचून वाईट वाटले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनिशी देण्याचा प्रयत्न करतो.

बंपरवरचे हे गोल सेन्सर साधारणपणे ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी सोडतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही, म्हणून आपल्याला तो समजत नाही. सेन्सरच्या टोपीमागे एक लहान चकती असते, ती विजेच्या झटक्याने थरथरते आणि उलट ध्वनीने थरथरली की वीज देते. काही पदार्थ दाबले की वीज देतात, हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला. तीच चकती हाक मारते आणि तीच प्रतिध्वनी ऐकते. हवेत ध्वनीचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तेव्हा एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी परत यायला सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. त्या वेळेवरून संचातला नियंत्रणाचा खोका अंतर काढतो.

येथे पहिली मर्यादा येते. देवळातली घंटा वाजवल्यावर तिचा नाद जसा काही काळ घुमत राहतो, तशी ही चकतीही हाक मारल्यावर एक-दीड मिलिसेकंद थरथरत राहते. तेवढ्या वेळात आलेला प्रतिध्वनी तिला वेगळा ओळखता येत नाही, म्हणजेच १७ ते २६ सेंमीच्या आतली वस्तू तिच्या दृष्टीने धूसर असते. बहुतेक संचांत ३० सेंमीच्या सुमारास सलग आवाज सुरू होतो तो यासाठी. त्याच्या आत ‘अजून किती’ याचे उत्तर सेन्सर देऊ शकत नाही.

आपल्या दृष्टीने दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरतो. उभ्या दिशेने तो मधल्या रेषेच्या खाली ३० अंश पसरतो असे धरू. सेन्सर ४८ सेंमी उंचीवर असेल आणि कठडा १२ सेंमी उंच असेल, तर दोहोंतील फरक ३६ सेंमी, त्याला ३० अंशांच्या स्पर्शकाने (टॅन), म्हणजे ०.५७७ ने भागले की ६२ सेंमी येतात. अर्थ असा, की कठडा एक मीटरवर असताना सेन्सर कदाचित एक-दोनदा बीप करील, परंतु ६२ सेंमीच्या आत आल्यावर तो झोताच्या खाली जाईल आणि आवाज थांबेल. चालकाला वाटेल अडथळा गेला, आणि तो निश्चिंतपणे पुढे जाईल. कठड्याची पुढची बाजू उतरती असेल तर तो पहिला बीपही मिळेलच असे नाही, कारण तिरक्या पृष्ठावरून ध्वनी सेन्सरकडे न येता वर निघून जातो.

सेन्सर ३२ सेंमीवर आणला तर हाच हिशेब ३५ सेंमी येतो, म्हणजे कठडा बराच जवळ येईपर्यंत ऐकू येत राहील. पण मग झोताची खालची कड ५५ सेंमीवरच जमिनीला टेकते. गुळगुळीत डांबरावरून ध्वनी पुढे घसरून जातो, त्यामुळे तेथे फारसा त्रास होत नाही, परंतु खडी किंवा उखडलेल्या रस्त्यावर ढेकळे आणि दगड त्याला परत पाठवतात आणि कारण नसताना बीप वाजू लागतात. उंची ठरवणे म्हणजे या दोन त्रासांतला मध्य काढणे होय.

आपल्या हवामानाचा परिणामही सांगून ठेवतो, तो मोठा नाही. १२ अंशांच्या थंड पहाटे आणि ४० अंशांच्या दुपारी ध्वनीच्या वेगात सुमारे ५ टक्के फरक पडतो. ३० सेंमीवर ही चूक दीड सेंमी होते. आपल्या कामात ती सोडून देता येईल.

---

हळदपेठ (सांगली)

नादलहर सरांचे विवेचन वाचून माझे मत पक्के झाले. सेन्सरच्या भानगडीत पडू नये, नंबर प्लेटच्या खाली एक कॅमेरा बसवावा आणि डोळ्यांनी पाहावे. ज्याला ऐकून अंदाज करावा लागतो त्याच्यावर विसंबून इतकी महागडी वस्तू पुढे का न्यावी? मी दोन वर्षे केवळ कॅमेऱ्यावर गाडी लावतो आहे आणि अद्याप एकही ओरखडा नाही.

---

बारा व्होल्ट (सांगली)

मी वीस वर्षे गाड्यांचे वायरिंग करतो, त्यांपैकी बराच काळ सेन्सर आणि कॅमेरे बसवण्यातच गेला आहे. हळदपेठ साहेबांशी मी पूर्ण सहमत नाही. कॅमेरा उत्तम आहे, पण जुलै महिन्यात चिखलाचा एक शिंतोडा भिंगावर बसला की पडद्यावर तपकिरी ढगाशिवाय काही राहत नाही. शिवाय रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात जवळची वस्तू फुगलेली आणि लांबची फार लांब दिसते, डोळा रुळेपर्यंत अंतर चुकतेच. सेन्सरही चिखलाने बहिरा होतो हे खरे, पण ओल्या फडक्याने पुसला की पुन्हा चालू लागतो, आणि तो आपण दुसरीकडे पाहत असतानाही ऐकवतो. दोन्ही असावेत असे माझे मत आहे.

आता बसवण्याविषयी, कारण चांगला संचही वाईट बसवल्यामुळे वाया जातो हे मी पाहिले आहे.

बंपर उतरवूनच काम करावे. बाहेरून पाहताना जी जागा मोकळी वाटते तिच्या मागे धातूचा आडवा बीम, एसीचा कंडेन्सर किंवा हॉर्न असू शकतो, आणि सेन्सरच्या मागची शेपटी व वायर तेथे मावत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, पूर्ण हवा भरलेल्या टायरांवर, जमिनीपासून उंची मोजून मास्किंग टेपवर खुणा कराव्यात. आधी बारीक ड्रिलने मधोमध भोक घ्यावे, मग संचासोबत आलेलाच होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) वापरावा, कारण सेन्सरचा व्यास संचागणिक बदलतो आणि अर्ध्या मिलिमीटरने भोक मोठे झाले तर सेन्सर सैल बसून थरथरतो. भोवतीची रबरी कडी टाकून देऊ नये. बंपरचा कंप सेन्सरपर्यंत पोहोचू नये म्हणून ती असते.

सेन्सरच्या पाठीवर ‘वर’ अशी खूण किंवा बाण असतो. याकडे दुर्लक्ष झालेल्या किती गाड्या माझ्याकडे आल्या याची गणती नाही. झोत आडवा जास्त आणि उभा कमी पसरावा अशी त्याची घडण असते, तो ९० अंशांनी फिरवून बसवला तर शेजारची दुचाकी निसटते आणि जमीन मात्र सतत ओरडत राहते. स्पोर्ट्स कारचा बंपर मागे झुकलेला असतो, त्यामुळे सरळ बसवलेला सेन्सर आकाशाकडे पाहतो. त्यासाठी तिरक्या कडीचे होल्डर मिळतात, ते वापरून तोंड जमिनीला समांतर आणावे.

रंग द्यायचा असल्यास पातळ हात द्यावा. जाड पुट्टी आणि तीन थर रंग म्हणजे त्या टोपीवर गोधडी टाकल्यासारखे आहे.

नियंत्रणाचा खोका इंजिनच्या उष्णतेत न ठेवता केबिनमध्ये घ्यावा, वायर मूळ रबरी ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकातील रबरी कडीतून) न्यावी आणि पुरवठा इग्निशननंतरच्या फ्यूजवरून स्वतंत्र फ्यूज टाकून घ्यावा. मूळ हार्नेसची, म्हणजे गाडीच्या वायरांच्या जुडग्यातली वायर सोलून जोड देणे मी टाळतो. मागचे सेन्सर रिव्हर्स गिअरबरोबर चालू होतात, पुढच्यांना तशी खूण नसते. काही जण ब्रेकच्या दिव्यावरून पुरवठा देतात, तसे केले तर साताऱ्याच्या पोवई नाक्यासारख्या गर्दीत प्रत्येक ब्रेकला बीप वाजते आणि आठ दिवसांत मालक संच बंद करून टाकतो. स्टिअरिंगजवळ एक साधे बटण द्यावे, हा माझा आग्रह असतो.

आतून चिकटवायच्या पट्टीविषयी विचारले होते. ती ध्वनीवर न चालता विद्युत क्षेत्रातील बदल ओळखते. बंपरला भोक पडत नाही आणि पट्टी खाली लावता येते, हे तिचे मोठे गुण आहेत. पण ती बदलावर चालते, म्हणजे गाडी आणि वस्तू दोन्ही स्थिर असतील तर ती गप्प होते. बंपरवरून पावसाचे पाणी ओघळू लागले की तेही तिला बदलच वाटते. बंपर किंवा लिप कार्बन फायबरची असेल तर ती लावूच नये, कारण कार्बन फायबर वीज वाहून नेतो आणि पट्टी आंधळी होते. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, म्हणून मी ती सहसा सुचवत नाही.

एक माहिती नव्याने गाडी घेणाऱ्यांसाठी. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. पुढच्या सेन्सरची सक्ती त्यात नाही, त्यामुळे ते आहेत असे गृहीत धरू नये.

---

कृष्णाकाठची (सांगली)

मी स्वतः अशी गाडी चालवत नाही, माझा धाकटा भाऊ चालवतो. परंतु आमच्या घरी या गाडीमुळे जे बांधकाम करावे लागले त्यातून काही शिकायला मिळाले, ते येथे उपयोगी पडेल.

२०१९ च्या महापुरात आमच्या पार्किंगमध्ये पाणी आले. त्यानंतर आम्ही पार्किंगची जमीन ६० सेंमी उचलून घेतली आणि गेटपासून आत ३.५ मीटर लांबीचा रॅम्प केला. पुराच्या दृष्टीने ते योग्यच होते. भावाने गाडी आणली आणि पहिल्याच दिवशी रॅम्पच्या पायथ्याशी बंपर टेकला. सेन्सर होते, ते वाजतही होते, पण ते रॅम्पला भिंत समजून रोजच वाजत, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष देईनासे झाले.

आमच्या गवंडी काकांनी एक दोरी आणि लाकडी पट्टी घेऊन जी गोष्ट दाखवली ती कोणालाही करता येईल. पुढचे चाक रॅम्पच्या अगदी पायथ्याशी आहे असे समजा. भावाच्या गाडीतही बंपरची कड चाकाच्या ९० सेंमी पुढे आहे. त्या ठिकाणी रॅम्प किती वर आला आहे एवढेच मोजायचे. आमचा रॅम्प ३.५ मीटरमध्ये ६० सेंमी चढत होता, म्हणजे ९० सेंमीवर तो १५.४ सेंमी वर येत होता, आणि कड होती ११ सेंमीवर. घासण्यावाचून दुसरे काही होणे शक्यच नव्हते. चढताना आणि उतरताना अडचण एकच.

शेवटी रॅम्प कंपाउंडच्या भिंतीलगत वळवून ६ मीटर लांब केला. आता ९० सेंमीवर तो ९ सेंमी वर येतो आणि मध्ये २ सेंमी मोकळे राहतात. तेवढे पुरतात, पण उतरताना ब्रेक दाबला तर गाडीचे नाक झुकते आणि ते २ सेंमी संपतात. म्हणून भाऊ उतरताना पायथा येण्याआधी ब्रेकवरचा पाय हलका करतो. अजिंक्यपायथा दादा, आपल्या घरासमोर गटारावरची फरशी उतरती असेल तर हा एक हिशेब आधी करून पाहावा, सेन्सर त्यानंतर.

---

संगमावरून (सातारा)

विम्याविषयी थोडक्यात. प्लॅस्टिक, नायलॉन आणि रबराच्या भागांवर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत ५० टक्के घसारा (वस्तू जुनी झाल्याची घट) कापला जातो, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे निम्मा खर्च आपल्याच खिशातून जातो. झीरो डेप्रिसिएशनची जोड घेतली असेल तर ही कपात टळते. मात्र एक दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असेल तर क्लिपा आणि रंगकामासाठी दावा करण्यापूर्वी कागदावर बेरीज-वजाबाकी करावी. मी ती न करता दावा केला होता, आणि पुढच्या वर्षीचा हप्ता भरताना जीव हळहळला.

---

हळदपेठ (सांगली)

कृष्णाकाठची ताईंनी दोरीचा जो हिशेब दिला आहे तो या धाग्यातील सर्वांत उपयुक्त गोष्ट आहे असे मला वाटते. त्याच पद्धतीने स्पीडब्रेकरविषयी कोणी सांगू शकेल का? माझी गाडी एका ठिकाणी सहज जाते आणि दुसऱ्या ठिकाणी तिरकी घालावी लागते, दोन्ही पाहायला सारखेच वाटतात.

---

नादलहर (सांगली)

जरूर. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेच्या १९८८ च्या आवृत्तीत गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंदीचा आणि १० सेंमी उंचीचा सांगितला आहे. गाड्यांनी तो ताशी २५ किमीच्या सुमारास ओलांडावा अशी त्यामागची कल्पना होती. आता दोरी लावू. चाक गतिरोधकाच्या सुरुवातीला असताना ९० सेंमी पुढे त्याची उंची ७.४ सेंमी येते. कड ११ सेंमीवर असल्याने ३.६ सेंमी मोकळे राहतात. म्हणजे मापात बांधलेला गतिरोधक ११ सेंमीच्या गाडीलाही सरळ ओलांडता येतो.

गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी रातोरात घातलेला उंचवटा अनेकदा अर्धा-पाऊण मीटरच रुंद असतो. तो १२ सेंमी उंच असेल तर चाक त्याला भिडण्यापूर्वीच ९० सेंमीच्या आत त्याचा माथा येतो, आणि माथा कडेपेक्षा उंच असल्यामुळे ती टेकणारच. आपल्याला सारखे वाटणारे ते दोन स्पीडब्रेकर उंचीने सारखे असतील, रुंदीने नसावेत. गाडी तिरकी घातल्याने एका वेळी एकच चाक चढते आणि नाकाचा एक कोपरा थोडा आधी उचलला जातो, त्यामुळे काही ठिकाणी निभावते. फार अरुंद उंचवट्यावर मात्र तिरके जाऊनही भागत नाही.

महागड्या गाड्यांत याच कारणासाठी पुढचा भाग उचलण्याची सोय मिळते. पोर्शे ९११ च्या सध्याच्या पिढीत पुढचा भाग सुमारे ४० मिमी वर घेणारी यंत्रणा जादा किमतीत देतात, आणि एकदा लक्षात ठेवलेल्या ठिकाणी ती जीपीएसवरून आपोआप उचलते. ११ चे १५ सेंमी झाले की ताईंचा जुना रॅम्पदेखील ४ मिलिमीटरनेच अडला असता.

---

बारा व्होल्ट (सांगली)

वेगाविषयी एक गोष्ट लिहायची राहून गेली, आणि सेन्सर बसवून घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला मी ती सांगतो. ताशी ३ किमी म्हणजे चालण्यापेक्षाही कमी वेग, पण त्या वेगात गाडी एका सेकंदात ८३ सेंमी जाते. बीप ऐकून पाय ब्रेकवर जायला अर्धा सेकंद लागला तरी ४२ सेंमी गेले. सलग आवाज ३० सेंमीवर सुरू होत असेल तर तो ऐकेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. ताशी १ किमीवर तोच अर्धा सेकंद १४ सेंमीचा होतो. क्लचवर किंवा ब्रेकवर गाडी रांगवत नेली तरच संचाचा उपयोग.

आणि स्पोर्ट्स कारमध्ये सेन्सर आणि कड एका रेषेत नसतात. सेन्सर मागे झुकलेल्या भागावर असतो, कड त्याच्या पुढे आलेली असते. ती किती पुढे आहे हे ओळंबा सोडून मोजावे आणि पडद्यावरच्या आकड्यातून तेवढे वजा करण्याची सवय लावावी. काही संचांत हा फरक आधीच भरून ठेवता येतो.

---

संगमावरून (सातारा)

कोपऱ्यांवरच्या सेन्सरबद्दलही सांगावे. माझ्या गाडीत ते उसाच्या ट्रॉलीजवळ कधीच वेळेवर वाजत नाहीत. कारखान्याच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे बाहेर आलेले ऊस बॉनेटच्या उंचीवर असतात.

---

नादलहर (सांगली)

४० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ८.६ मिमी असते. वस्तू जितकी बारीक आणि गोल, तितका तिच्याकडून परत येणारा ध्वनी कमी. उसाची टोके, साखळी, तार, बारीक सळई यांच्याबाबतीत या सेन्सरवर भरवसा ठेवू नये. पाचट, पोती, कापडाचे गठ्ठे ध्वनी गिळून टाकतात, त्यामुळे मोठे असूनही उशिरा कळतात. शिवाय आपण म्हणता ते ऊस झोताच्या वर आहेत. तेथे संचाचा दोष नाही.

---

अजिंक्यपायथा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत येतो आहे, कारण केल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

बंपर दुरुस्तीसाठी उतरवलेला होताच, तेव्हाच चार सेन्सर बसवून घेतले. उंची ३६ सेंमी ठेवली. ३२ वर यायची इच्छा होती, पण तेथे मागे हवेची वाट होती आणि ती अडवणे पटले नाही. होल्डर तिरके घातले, खोका डॅशबोर्डच्या खाली, बटण स्टिअरिंगच्या डावीकडे. ओळंबा सोडून पाहिले तर कड सेन्सरच्या ९ सेंमी पुढे निघाली. नंबर प्लेटखाली कॅमेराही लावला. हळदपेठ साहेब, आपला आग्रह योग्य होता.

मग रविवारी सकाळी घरासमोर प्रयोग केला. भावाने एक वीट आडव्या कडेवर उभी केली, ती ११ सेंमी उंच भरली, आणि मी गाडी रांगवत पुढे घेतली. भाऊ टेप धरून बसला होता. पहिला बीप ९० सेंमीच्या सुमारास आला. वीट ४५ सेंमीवर आली तेव्हा आवाज बंद झाला. नादलहर सरांच्या सूत्राने ३६ मधून ११ वजा करून ०.५७७ ने भागले तर ४३ येतात, म्हणजे हिशेब दोन सेंमीच्या आत जुळला. कडेपासून ते अंतर ३६ सेंमी होते. तीच वीट आम्ही सहा वेळा ठेवली, प्रत्येक वेळी ४३ ते ४७ च्या दरम्यान तिचा आवाज थांबला. ती शांतता ऐकताना मंगल कार्यालयातली ती दुपार आठवली. बीप सुरू होऊन मध्येच थांबला, तर पुढे सरकायचे नाही, खाली उतरून पाहायचे, असे मी आणि घरातल्यांनी ठरवून घेतले आहे.

भिंतीपुढे सेन्सर अगदी चोख वागले. दारातली साखळी त्यांना कळलीच नाही. दोरीवर टांगलेले रिकामे पोते ४० सेंमीच्या आत आल्यावर कळले.

कॅमेऱ्यासाठी एक युक्ती केली ती लिहितो. वीट कडेच्या बरोबर खाली येईल अशी ठेवून पडद्यावर ती जेथे दिसली तेथे पांढऱ्या टेपची बारीक चिंधी लावली, आणि कडेच्या ३० सेंमी पुढे वीट ठेवून दुसरी. रुंद भिंगामुळे अंतर चुकते असे बारा व्होल्ट यांनी लिहिले होते, ते या दोन चिंध्यांमुळे बरेच सुसह्य झाले. कठडा वरच्या चिंधीला शिवला की मी थांबतो.

गटारावरच्या फरशीला दोरी लावली. चाकाच्या ९० सेंमी पुढे ती १०.५ सेंमी वर येते, म्हणजे मध्ये जेमतेम अर्धा सेंमी राहतो, आणि गाडीत दोघे बसले की तोही राहत नाही. ताईंचा रॅम्पचा अनुभव लक्षात घेऊन, फरशीचा खालचा भाग रस्त्याच्या बाजूला न वाढवता, कारण तसे केले तर पाण्याची वाट अडेल, आतल्या बाजूने फोडून उतार लांब करून घेतो आहे. गवंडी गुरुवारी येणार आहे.

कडेच्या खाली जाड प्लॅस्टिकची घासपट्टी बसवावी असे गॅरेजमधल्या मेस्त्रींनी सुचवले होते. घासायचे ते तिने घासावे, रंग वाचावा, ही कल्पना चांगली आहे, परंतु पट्टी ६ मिमी जाड आहे आणि मोकळा राहणारा अर्धा सेंमी तीच खाऊन टाकते. उतार पूर्ण झाल्यावर पुन्हा मोजीन, आणि जागा असेल तरच ती लावीन.